अक्काला पत्र, ऑफिस कॉपीसह

३ जून, सकाळी ६.१०
आज पापनाशमला अक्काला पत्र. भावोजी वारून दोन वर्षं झाली, मी तेराव्याला गेलो नाही. कारण सबळ होतं. छापलेल्या कार्डात माझं नाव 'व इतर नातेवाईक' यांत ढकललं. सख्खा भाऊ, तोही एकुलता. तरी मन मोठं करायचं ठरवलं आहे. चौतीस वर्षं ऑफिसात ड्राफ्टिंग केलं, एक पत्र म्हणजे हातचा मळ. संध्याकाळपर्यंत पोस्टात.

४ जून
झालं नाही. विषयाची ओळ अडली. 'विषय: क्षमा' फार उघडं वाटतं.

७ जून
ड्राफ्ट दोन. 'संदर्भ: आपल्या यजमानांचे निधन.' 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.' स्वच्छ, मुद्देसूद. जयलक्ष्मीला वाचून दाखवलं. म्हणाली, लाईट तोडायची नोटीस वाटते. वर म्हणाली, कुंभकोणमची बस दहा-दहा मिनिटांनी आहे, पापनाशमला उतरा, अक्कांसमोर बसा आणि चुकलो म्हणा. बायकोला पत्रव्यवहाराचं महत्त्व कळत नाही. तोंडी बोललेलं रेकॉर्डवर राहत नाही.

१२ जून
तमिळमध्ये लिहावं का? नको. अक्कानेच मला देवनागरी शिकवली, न्हाणीघराच्या दारावर खडूने. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घराण्यात ती आता वाचणारे आम्ही दोघंच.

१९ जून, दुपार
ड्राफ्ट सहा. 'चुकलो' काढून 'अनवधानाने राहून गेले' घातलं. तीन वाजता परत 'चुकलो'. डोकं दुखतं. कॉफी दोनदा.

२४ जून, पहाटे
उठलो आणि न थांबता लिहिलं. 'अक्का, मी चुकलो. कार्डाचं नुसतं निमित्त. खांदा द्यायलाही आलो नाही, तेव्हा कार्ड छापलंही नव्हतं. भावोजींनी मला पोरासारखं सांभाळलं. तुझं मोकळं कपाळ बघायचा धीर नव्हता. तू म्हणशील त्या दिवशी येतो.' विषय नाही, संदर्भ नाही. ड्राफ्टिंगच्या दृष्टीने कच्चं. पण लिहिताना रडू आलं, म्हणून तसंच पाठवतो. स्पीड पोस्ट, पोचपावतीसकट. ऑफिस कॉपी फाइलला.

२८ जून
पोचपावती आली. सही नित्याची, अक्काच्या नातीची. उत्तर चार दिवसांत येईल.

९ जुलै
उत्तर नाही. दोन ओळी लिहायला काय लागतं? मी माझं कर्तव्य केलं. रिमाइंडर पाठवणार नाही.

१० जुलै
रिमाइंडरचा ड्राफ्ट केला. फाडला.

१४ जुलै, संध्याकाळ
अक्काचा फोन. दोन वर्षांनी आवाज ऐकला, बारीक झालाय. घरातल्या नावानेच हाक मारली. म्हणाली, वादी, तुझा कागद आला. हातात धरून बसले, अक्षर दिसेना. साखरेने डोळे गेले रे, वर्ष झालं. नित्याला तमिळ येतं, इंग्लिश येतं, ही अक्षरं येत नाहीत. कोणाकडून तरी वाचून आणते म्हणाली, मी नको म्हटलं, घरातलं परक्याने का वाचायचं. तू येशील, वाचून दाखवशील, म्हणून थांबले. आता तूच सांग, काय लिहिलंस.

ऑफिस कॉपी समोरच होती. पहिली ओळ तीन शब्दांची. जयलक्ष्मी दारात उभी राहून हातानेच 'बोला, बोला' करत होती.

म्हणालो, काही नाही अक्का, खुशाली विचारली होती.

एवढंच का, असं तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हणालो.