खोडलेल्या रेघा

नागपूर, ८ जानेवारी १९८०, संध्याकाळ

धाकट्या भावाची तार आली. अंदमानच्या डोंगराळ बेटाजवळ स्वच्छ आभाळात विमान हादरलं, त्याच्या कंबरेला मार बसला. आई विचारते, “आभाळ साफ होतं, मंग काहून हादरलं गा?”

परवा कचेरीत उपग्रहाच्या फोटोवरून वैमानिकांसाठी हवामानाचा नकाशा काढताना त्याच बेटामागे ढगांच्या रेघा गिरवल्या होत्या. आमचं यंत्र फोटोवर नेहमीच अशा खोट्या रेघा ओढतं, म्हणून सवयीने खोडल्या. आज साहेब म्हणाले, त्या खऱ्याच होत्या. डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या लाटा, साफ आभाळातही विमान हादरवणाऱ्या. आणि मी खोडल्या! किती वर्षं खोडतोय?

उद्याचा नकाशाही माझ्याच हातचा. आई देवासमोरून म्हणाली, “तो उद्या इमानानंच येऊन राहिला. तू आहेस म्हणून मले घोर नाही.”