कामाला आलेली बाळंतीण

आई, गेल्या आठवड्यात इंदापुरात नव्या आयांच्या बैठकीला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. विनोदी लिहिणारी बाई आहे, बायकांना हसवेल, असा त्यांचा समज. दारात एक मुलगी कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. तिचं बोट माझ्या कपाळाकडे आलं आणि मला तुझा असा काही राग आला, की त्या दिवशी मी कुणालाही हसवू शकले नाही.

नव्वदच्या त्या दशकात तू शेळगावला नर्स होतीस आणि मी पहिल्या बाळंतपणासाठी तुझ्याकडे आले होते. घरोघर जाऊन तू दमली होतीस. तू बोलायचीस बाळंतिणीशी, उत्तर द्यायची सासू. म्हणून सगळ्यांना बाळांसकट देवळाच्या ओवरीत एकत्र बसवायचं तुझ्या मनात आलं. बैठक म्हटलंस तेव्हा कुणी फिरकलं नाही. मग तू हळदीकुंकू म्हणालीस. संक्रांत नाही, चैत्र नाही, भर आषाढात हळदीकुंकू! पण बायका आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, सासवांना घेऊन आल्या. बाबा गेल्यापासून तुझं कपाळ मोकळं, त्यामुळे करंडा माझ्या हातात आणि तू कोपऱ्यात, वजनकाट्याच्या झोळीपाशी. मी धुसफुसले, तर म्हणालीस, "काटा मला हात लावू देतो. तेवढं पुरे."

युक्ती चालली, हे मी नाकारत नाही. एक पोर रडवेली होऊन सांगतेय, "दूधच पुरंना बाई, प्वार रातभर किरकिर करतंय." शेजारची, दुसऱ्या बाळंतपणाची, तिला विचारते, "तू जेवती का पोटभर? का समद्यांचं झाल्यावर?" आणि त्या रडवेलीची सासू फणकारते, "आमी काय उपाशी ठिवतो व्हय गं?" सगळी ओवरी हसते. पुढच्या बैठकीला तीच सासू हळिवाची खीर डब्यात घालून आणते, सगळ्यांना दिसेल अशी. तुझ्या शंभर फेऱ्यांनी जे झालं नसतं ते त्या एका हसण्यानं झालं.

फक्त एक बाळंतीण आली नाही. तिचा नवरा पोर पोटात असतानाच उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. पोर वाळत चाललं होतं आणि ती पोराहून जास्त. आपण तिच्या घरी गेलो, तर सासू उंबऱ्यातच आडवी. "तिला कशाला नेता हळदीकुंकवाला, नर्सबाई? लोक काय म्हणतील?" मला वाटलं, आता तू तिला झापशील. तू म्हणालीस, "हळदीकुंकवाला न्हाय वो मावशी. कपबशा विसळायला माणूस पायजे मला." सासूनं वाट सोडली. "कामाला व्हय? कामाला न्या की."

ती येऊ लागली. मागे बसून कपबशा विसळायची, शेवटी पोराला झोळीत घालायची. तिला घरी पोचवताना तू उंबऱ्यातच तिच्या पदरात डिंकाचे लाडू टाकायचीस, सासूला ऐकू जाईल अशा आवाजात, "कामाचं हाय हे." म्हणजे लाडू तिला मजुरी म्हणून मिळाले, बाळंतीण म्हणून नाहीत. आणि ज्या गोलात सासवा पकडल्या जात होत्या, त्या गोलात तिची सासू कधी बसलीच नाही. 'तू जेवतेस का' हे तिला चारचौघींत कुणी विचारलंच नाही.

तुझ्या भाकरी चालल्या होत्या तेव्हा मी हे सगळं तुला सुनावलं. नाव बदल, बैठक म्हण, येतील त्या येतील. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "आणि बाकीच्या घरी बसल्या तर? त्यांच्या पोरांचं काय करू?" मी म्हटलं, हे तत्त्वात बसत नाही. "मग घाल तुझं तत्त्व झोळीत. किती भरतंय बघू."

तिचं पोर सावरलं. पावसाळा सरता सरता त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. तरी माझा राग गेला नाही, आई. ती शेवटपर्यंत विसळत राहिली, आणि इतक्या वर्षांनी इंदापुरातही करंडा दारातच आहे. त्या दारातून कोण परत गेली असेल, हे मी संयोजकांना विचारलं. ते गोड हसले आणि मला चहा दिला.

यावर तुझ्याकडे उत्तर असणार. ते बरोबरही असेल. म्हणून तर सगळं तू गेल्यावर लिहितेय, समोर होतीस तेव्हा भाकरी खाऊन गप्प बसले होते.