बाबांच्या भिंतीसाठी रबराचे साचे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार (उभ्यानेच करतोय, वाकायची सध्या सोय नाही, कारण पुढे येईलच). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला, की अजून सांभाळून ठेवलाय? आम्ही तिघंही जेवूनखाऊन ठीक आहोत. फोनवर तू दर वेळी "बाबा रमले का?" विचारतेस आणि बाबा नेमके कान देऊन शेजारी बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

बाबा रमले नव्हते, ताई. जुनं घर सोडून आमच्याकडे आल्यापासून खुर्ची सोडायला तयार नव्हते. डोळ्यांना आता उजेड-अंधार तेवढा कळतो. पण जुन्या घरी त्यांचं काही अडायचं नाही, कारण तिथल्या दगडी भिंती त्यांना बोटांनी पाठ होत्या. हात लावत लावत बरोबर हव्या त्या दारात. आमच्या भिंती पडल्या लोण्यासारख्या (रंगाऱ्याने घोटून घोटून केल्यात आणि मी त्याचं कौतुकही केलं होतं). पहिल्याच आठवड्यात बाबा बाथरूम समजून कपड्यांच्या कपाटापाशी उभे राहिले आणि "आत कोण आहे?" म्हणून बराच वेळ दार वाजवत होते. आतून उत्तर आलं नाही. त्यानंतर ते बसले ते बसलेच. हाताला धरून न्यावं तर म्हणायचे, "मी काय बाजाराची पिशवी आहे का?"

तेव्हा मी ठरवलं, पॅसेजची भिंत दगडी करायची. खरा दगड या भिंतीला पेलणार नाही असं गवंडी म्हणाला. मग काँक्रीटचे पातळ, दगडासारखे तुकडे घरीच ओतायचे आणि चिकटवायचे ठरलं. त्यासाठी रबराचा साचा लागतो. खरे दगड फळीवर मांडायचे, भोवती चौकट ठोकायची, वरून पातळ रबर ओतायचं. घट्ट झालं की सोलून काढायचं, की दगडाची खाचन् खाच आत उमटलेली. मोबाइलवर बघताना इतकं सोपं वाटलं की तुझ्या वहिनीने "आधी एक छोटा करून बघू या का?" विचारल्यावर मला तिची कीव आली.

पहिल्या साच्याच्या वेळी दगडांना आधी व्हॅसलीन चोपडायचं राहिलं. रबराने दगड असे धरले की सोडेचनात. मी एका बाजूने, ती दुसऱ्या बाजूने, असं आम्ही ते ओढत होतो. रबर सुटलं नाही, माझ्या कमरेतलं काहीतरी सुटलं (हेच ते वर म्हटलेलं कारण). दुसऱ्या वेळी धडा घेऊन मी व्हॅसलीन इतकं लावलं की खाचा सगळ्या बुजल्या. त्यातून निघालेला तुकडा बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचपला, हुंगला आणि विचारलं, "हा साबण कुणाचा?"

तिसऱ्या वेळी सगळं नीट होतं. रबर ओतलं आणि नेमका तुझा फोन आला. (दोष तुला देत नाही. पण दाजींच्या खोकल्याची हकीकत लांबली हे तूही मान्य करशील.) परत येऊन बघतो तर चौकटीच्या कोपऱ्यातून रबर बाहेर पडलेलं, फरशीवरून दारापर्यंत गेलेलं, आणि तिथे ठेवलेल्या तुझ्या वहिनीच्या चपलेखाली थारोळं करून घट्ट झालेलं. चप्पल कशीबशी उपटली. बादलीत कालवलेलं काँक्रीट होतंच, ते वाया कशाला घालवा म्हणून त्या चपलेच्या ठशात ओतलं.

ताई, माझ्या हातून इतकं सुंदर काही आजवर घडलं नव्हतं. अख्खा तळवा, शिवण, टाचेची झीज, सगळं जसंच्या तसं. दगड साबणासारखे आणि चप्पल मात्र हुबेहूब.

तुझ्या वहिनीनेच ती नेऊन बाबांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंगठा सावकाश टाचेवरून फिरवला. "ही सूनबाईची," ते म्हणाले, "टाच घासत चालते ती. मी रोज ऐकतो." आणि हसायला लागले. कवळी हाताने धरावी लागली इतके हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मी बादली धुवायच्या निमित्ताने मोरीत जाऊन जरा वेळ उभा राहिलो.

मग म्हणाले, "ही बाथरूमच्या दाराशी लाव. माझ्या हाताच्या उंचीवर."

"भिंतीवर चप्पल? पाहुणे काय म्हणतील?" वहिनी म्हणाली.

"पाहुण्यांना दिसेल. मला सापडेल."

पुढचे साचे जमले, कारण व्हॅसलीन लावायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. जास्त झालं तर बोटानेच निपटून काढतात आणि मला "धांदरट" म्हणतात. पॅसेज आता पूर्ण झालाय. स्वयंपाकघराच्या दाराशी आमटी वाढायचा डाव आहे, तोही काँक्रीटचा. काल बाबा एकटे उठले, दगडांवरून हात फिरवत गेले, मध्येच थांबून "हाच दगड मघाशी भेटला होता" अशी तक्रार केली, आणि एकटेच व्हरांड्यात जाऊन बसले. आम्ही दोघं मागे श्वास रोखून चालत होतो. "पावलं वाजतात तुमची," ते न वळताच म्हणाले.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
कमरेला पट्टा बांधलेला भाऊ

ता. क. वहिनीने हे पत्र वाचलं. ती टाच घासत चालत नाही, चप्पलच तशी निघाली, असं तिने लिहायला सांगितलंय.

आणखी ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. बाबांच्या खोलीशेजारची खोली आम्ही रिकामी करून, रंगवून ठेवली आहे. तिच्या दाराशी अजून खूण नाही. काय लावू म्हणून बाबांना विचारलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाले, "तिची चप्पल." तेव्हा तुझी एक जुनी चप्पल हवी आहे. पार्सलने पाठवू का असं तू विचारशील, हे त्यांनी आधीच ओळखलंय. म्हणाले, "तिला सांग, पायात घालून ये."