दहा हजारांत एक पाहुणा

३ फेब्रुवारी

चि. लंबू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. आम्ही दोघं खुशाल. बाबांचा गुडघा दुखतो आणि त्याचा राग सायकलींवर निघतो, म्हणजे दुकानही चाललंय.

पत्राचं कारण, तुझं डोकं हवंय. आतलं नको, ते कसं आहे मला ठाऊक आहे. मोजायला हवंय. पुढच्या महिन्यात शिरगणती. आपलं शहर म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि मधे म्हातारे. सूतगिरणी बंद पडल्यापासून तरुण माणूस दिसला की लोक विचारतात, परत कधी जाणार? आता वरून कळवलंय की दहा हजारांच्या खाली आलो तर दवाखान्यातला माझा प्रसूती विभाग डोंगरापलीकडे हलवणार. अडलेल्या बाईनं दोन तास वळणांवर धक्के खात जायचं. मूल वाटेतच झालं, तर जन्मगाव म्हणून कुठलं वळण लिहायचं?

नगराध्यक्षांनी भरसभेत हात जोडले की ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांनी ती मोजणीपुरती आणावीत. आमच्या आयाबाईंनी तर अख्खं सासर बोलावलंय. तुला एकट्याला यायला काय होतं? मी हे लिहितेय ते बाबांना माहीत नाही. पाकिटाला गोंद मात्र त्यांनीच आणून दिला.

लोभ आहेच, तो मोजायला कुणाला बोलावणार नाही.

तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

माझ्या डोक्याला गावात किंमत आली हे वाचून ऊर भरून आला. बाबांच्या मते ते म्हणजे टोपी अडकवायची खुंटी. मी लिफ्टदुरुस्तीला लागलो तेव्हा ते म्हणाले होते की सायकल माणसाला कुठेतरी नेते, लिफ्ट वरखाली करून होती तिथेच आणून सोडते. तेव्हापासून आमचं बोलणं तुझ्यामार्फत.

इथे माझ्या एका इमारतीत आपल्या अख्ख्या आळीपेक्षा जास्त माणसं. एकानेही अजून माझं नाव विचारलेलं नाही. लिफ्ट अडकली की मात्र देवासारखा धावा करतात. पण ताई, नियम असा की जो तिथे राहतो त्यालाच मोजायचं. म्हणजे मी खोटं बोलायचं. असो, तुझ्यासाठी बोलेन. साहेबांना सांगितलंय की बहीण बाळंतपणात अडकलीय. त्यात काय खोटं आहे?

माया कमी करू नकोस, सल्ले कमी केलेस तर चालेल.

तुझा लंबू

९ मार्च

चि. लंबूस आशीर्वाद आणि दोन रट्टे.

न सांगता पहाटेच्या गाडीनं पळालास. राग मला कळतो. मोजणीच्या बाईंनी विचारलं की तुम्ही इथेच राहता का, तू हो म्हणायला तोंड उघडलंस आणि बाबा हातातलं चाक टाकून म्हणाले की हा पाहुणा आहे, चार दिवसांनी जाईल, खोटं लिहू नका. तुझा चेहरा मी पाहिला. त्यापेक्षा हवा गेलेली ट्यूब टवटवीत दिसते.

पुढचं ऐक. अधिकारी फेरतपासणीला आले. एकेका खाटेवर पाच-पाच कायमचे रहिवासी निघाले. नगराध्यक्षांच्या घरी तर एका रहिवाशाला संडास कुठे आहे तेच सांगता येईना. सगळे पाहुणे खोडले आणि आकडा दहा हजारांखाली आपटला. महिनाअखेर विभाग चालला, त्याच्याबरोबर मीही, तिथल्या क्वार्टरमध्ये. म्हणजे गाव आणखी एकानं कमी.

लोकांना राग काढायला बाबा सापडले. खरं बोललेला तेवढा एकच ना! म्हणे, यांच्यामुळेच संशय आला. दुकानाकडे कोणी फिरकत नाही. बाबा स्वतःचीच सायकल खोलतात आणि जोडतात. काल विचारत होते की मोठ्या शहरात खाणावळीचं जेवण बरं असतं का. कोणासाठी, ते विचारलं तर म्हणाले, उगाच.

रागावलेली, पण तुझीच,
ताई

१८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

रट्टे पोचले. आठवडाभर बाबांशी मनातल्या मनात भांडलो, एकदाही जिंकलो नाही. शेवटी साहेबांना सांगून टाकलं की नोकरी सोडतो. ते म्हणाले की त्या गावात एकही लिफ्ट नाही, करणार काय? मी म्हणालो की लिफ्ट नसली तरी एक म्हातारा दोन मजल्यांच्या मधे अडकलाय.

नगराध्यक्षांच्या अंगणात ती जीप सडतेय ना, ती मागून ठेव. मी चालू करतो. अडलेल्या बाईला तुझ्या दारात पोचवायला गाडी कायम तयार हवी. जमलं तर सायकलींनाही मोटर बसवू. मोजणी संपलीय, तेव्हा हे आकड्यासाठी नाही, एवढं बाबांना तूच सांग. मी सांगितलं तर पाना फेकून मारतील.

आशीर्वाद राहू दे, लागणार आहेत.

लंबू

२४ मार्च

चि. लंबू यास आशीर्वाद.

तुझं पत्र ताईनं वाचून दाखवलं. मला वाचता येतं, पण तिला हौस. मी म्हातारा नाही. अडकलो असेन.

जीप ढकलत आणली. इंजिन नगराध्यक्षांसारखंच आहे, आवाज फार आणि जागचं हलत नाही. सायकलला मोटर बसवायची नाही. बसवायचीच असली तर आधी मला दाखवायची.

मागची खोली झाडली आहे. परवा मोजणीच्या बाई पंक्चर काढायला आल्या होत्या. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी सहज विचारलं. मी म्हणालो की ताई चालली, आता मी आणि मुलगा, तो इथेच राहतो. जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो. अंगाला सवय नाही, जेवण जात नाही. ते खरं करायला लवकर ये.

तुझे बाबा