पत्रावळीचे वाकडे टाके

पारूच्या आयेला वाघ्याचा राम राम. मी सांगतो, खोपोलीचा झहीरभाई लिहितो. कशेळ्याच्या मास्तरांकडून वाचून घे.

मी धडधाकट हाय. पाय थोडे फुटलेत, त्याचं काय नाय.

मुंबई एक गाव नाय गं, कैक गावं एकमेकांना चिकटलीत. हातगाडी ओढत मी समदी पायाखाली घातली. गोदीत डोंगराएवढ्या बोटी, परळला गिरण्यांचा धूर, शीवला मिठागरं. एवढ्या माणसांत आपलं कोन नाय, असं वाटायचं.

काल बाजारात पत्रावळींचे गठ्ठे उतरवत होतो. एकाच्या दोरीला गाठ उलटी. तू डावखुरी, अशी गाठ तूच मारतीस. गठ्ठा सोडला, तर निम्म्या पत्रावळींचे टाके मोठे आन वाकडे. ते तुझे नव्हते.

मी निघालो तवा कोळशाच्या भट्टीवर भाजलेली पारूची बोटं वळत नव्हती. आता वळतात ना गं? त्या पत्रावळी तिनंच लावल्यात ना? मास्तरांकडून दोन ओळी धाड. पावसाआधी मी येतोच.

त्यातली एक पत्रावळ मी मागून घेतली. झहीरभाई हसतो. पन तिच्यावर मी अजून जेवलो नाय.

अंगठा वाघ्याचा