खिरीचा पहिला घास

१४ सप्टें.
पाच महिने इथे एक ओळ नाही. माफ कर, वही. लिहिणं सगळं दुसऱ्या वहीत जात होतं: काय खाल्लं, केव्हा, किती वेळा चावून.
आज दाभणाने पट्ट्याला तिसरं भोक पाडलं. डॉक्टरांनी फक्त गोड बंद करायला सांगितलं होतं. तेल, दूध, भात, बाजारातली फवारलेली भाजी मी आपणहून सोडली. आता उकडलेले मूग आणि दुधी. पण डोकं कसं लख्ख! सकाळी मुरबाडच्या एसटीतून पोटरीला आलेलं भात पाहिलं आणि डोळे भरले. इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो.

२१ सप्टें.
आटगावला भाचीचा साखरपुडा. स्वतःचा डबा नेला. आक्का सगळ्यांसमोर, "आमचे घरचं नाय चालत तुला? इख घातलाय का रे आमी?" सगळे हसले. मीही.
तिने माझ्यासाठी परसातलं वांगं बिनतेलाचं वेगळं भाजलं होतं. नियमात बसत होतं. तरी हात पुढे जाईना. मग हा नियम कसला, हे तर...

२९ सप्टें.
विहारात वाचन. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथ मीच वाचतो. जनाआजी म्हणाली, "गुरुजी भंतेजींवानी दिसाय लागलं." फार सुखावलो. घरी सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता, "अहो, भंतेजी वाढलेलं सगळं खातात. तुमी वाढणाऱ्याला घाबरता."
मी दुसरी वही उघडली.

३ ऑक्टो.
फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे काळोख. खाली बसलो. मुलांना म्हटलं, खडू पडला. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मोडलं, तेही मुगापायी.

६ ऑक्टो., पौर्णिमा
वाचनाची समाप्ती, खीरदान. दरवर्षीप्रमाणे तपश्चर्येचा भाग वाचला. हाडांचा सापळा झालेले सिद्धार्थ, खिरीची वाटी घेऊन आलेली ती बाई. इतकी वर्षं मी त्या उपवासालाच मनात हात जोडत आलो. त्यांनी तो सोडला, हे आज वाचताना पहिल्यांदा ऐकलं. कसाबसा संपवला.
आमच्या विहारात वाचकाने घास घेतल्याशिवाय कोणी खात नाही. वाटी हातात. पिशवीचं दूध, पांढरी साखर, पॉलिशचा तांदूळ. समोर साठेक माणसं, मांडीवर वाट्या. पोरंसुद्धा गप्प. सुनंदा बायकांत, मान खाली.
कोणी घाई केली नाही. मी कोण, की इतक्या भुकेल्या माणसांनी माझ्या एका घासासाठी थांबावं! शेवटी जनाआजी हळूच, "थंड व्हते, गुरुजी."
एक चमचा. वेलची. अंगभर काटा. मग सगळीकडे चमचे वाजू लागले आणि मी नुसता ऐकत राहिलो.
दुसरा चमचा घेता आला नाही. सुनंदाने वाटी घेतली.
घरी चूळ भरायला दोनदा उठलो, दोनदा बसलो. चव अजून आहे. भीतीही.

उद्या: शहापूरला डॉक्टरांकडे. सुनंदालाच बोलू देणे.