आण्णासाहेबांना बेडकानं गिळलं त्याची हकीकत

मु. तामलवाडी

चि. शांतलिंग यास थोरल्या भावाचा आशीर्वाद (राग असला तरी द्यावा लागतो). इकडं सगळी जिवंत आहेत, पण त्यात तुझा काही हात न्हाय. तुझी तब्येत उत्तमच असणार. दुसऱ्याच्या डोक्याला ताप देणाऱ्याला स्वतःला कधी ताप येत न्हाय.

तुझ्या कारखान्यातल्या अमेरिकन साहेबाचा तो घोडेस्वारांचा खेळ मला कशाला पाठवलास? दुष्काळानं म्हशी आटल्या, दूध सोसायटीचं टेबल रिकामं, म्हणून आम्ही तिथं नकाशा पसरून फासे टाकायला बसलो. प्रत्येकानं एकेक टोपीवाला, बंदूकवाला स्वार घेतला. माझ्या वाट्याला राक्षस आला: वाळवंटातल्या एकुलत्या एका डबक्यावर बसलेला, बैलगाडीएवढा बेडूक. (तुझ्या वहिनीनं आधी चित्र बघितलं, मग मला बघितलं. ते असू दे.) सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब, ज्यांच्या शब्दावर गावात पाण्याचा टँकर फिरतो, ते कुणाला न विचारता थेट डबक्यावर गेले. फासा वाईट पडला. नियमाप्रमाणं बेडकानं जीभ काढली आन् आण्णासाहेब घोड्यासकट, टोपीसकट पोटात!

इथवर ठीक होतं. पण टँकरची वाट बघत घागर घेऊन दारात उभी असलेली आपली शेजारीण धुरपताबाई म्हणाली, "आण्णासाहेबाच्या वरताण पाण्यावर बसणारा निघाला की!"

सगळे पोट धरून हसले. आण्णासाहेब उठले. "हणमंतप्पा, आता तुमच्या गल्लीनं बेडकालाच पाणी मागावं."

दुसऱ्या दिवसापासनं टँकर आपल्या गल्लीच्या तोंडावरनं हॉर्न वाजवत पुढं. मी हात जोडले, दोष फाशांचा म्हणालो. तर म्हणतात, "फासे कुणाच्या भावाचे?"

शेवटी धुरपताबाईनं गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरींसकट आण्णासाहेबांच्या अंगणात नेऊन बसवल्या. आत तालुक्याचे साहेब जेवायला आलेले. आण्णासाहेब बाहेर डोकावले की सगळ्या एका सुरात, "डराव, डराव!" साहेबांचा घास हातातच राहिला. संध्याकाळी टँकर आला.

पाणी आलं, पण माझी अब्रू गेली. पोरंटोरं मला बघून डराव करतात. (चेअरमनला करायची छाती न्हाय.) परत असली भेट धाडलीस तर सणाला दारात उभा करणार न्हाय, ध्यानात ठेव.

तुझा थोरला,
हणमंतप्पा

ता.क. काल आण्णासाहेब घरी आले. चहा पिऊन, खाली बघत म्हणाले, "अजून एक डाव होऊ द्या. पण या बारीला बेडूक मी."

ता.क. दुसरं: मी नकोच म्हणणार होतो, पण भिंतीपलीकडनं धुरपताबाईनं ऐकलं. तिला स्वार पाहिजे. तुझ्या साहेबाला विचार, खेळात आहे त्याच्यापेक्षा मोठी बंदूक मिळती का. लवकर धाड.